यशोधनचा वाटाड्या

कृष्णेकाठच्या एका शहरात, जिथे गल्लोगल्ली दवाखाने आणि तपासणीच्या लॅब आहेत, तिथे यशोधन कारखानीस नावाचा एक प्रोग्रामर राहत होता. त्याची स्वतःची छोटीशी कंपनी होती. हाताखाली मोजकी माणसं होती. शहरातल्या डॉक्टरांसाठी तो संकेतस्थळं बनवून द्यायचा.

यशोधन हुशार होता, कष्टाळूही होता, पण स्वभावानं पराकोटीचा संशयी. हॉटेलात चहा आला की कपाची कड तो रुमालानं पुसून घ्यायचा. लग्नाला गेला की एक चप्पल एका कोपऱ्यात आणि दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात काढून ठेवायचा. ऑफिसात तो भिंतीला पाठ लावून बसायचा, म्हणजे मागून कोणाची नजर स्क्रीनवर पडायला नको. कोणी दोन शब्द गोड बोललं, की त्याच्या मनात यायचं, याचं माझ्याकडे काहीतरी काम असणार.

त्याचा डोळे झाकून विश्वास होता तो एकाच गोष्टीवर. तिचं नाव वाटाड्या.

वाटाड्या म्हणजे कोणी माणूस नव्हे. यशोधननं लिहिलेली ती एक लायब्ररी होती, म्हणजे एकदा लिहून ठेवलेला आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा. संकेतस्थळाचा पत्ता आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. मध्ये मध्ये तिरक्या रेघा आणि रेघांच्या अधेमधे शब्द किंवा आकडे. वाटाड्या तो पत्ता वाचायचा, आपल्याजवळच्या नमुन्यांशी जुळवून पाहायचा आणि ठरवायचा, आलेल्या माणसाला कुठे न्यायचं. लॅबची वेळ विचारायला आला असेल तर सरळ आत. कोणाचा अहवाल बघायला आला असेल तर दारात थांबवून आधी गुप्त क्रमांक विचारायचा. या नमुन्यांना प्रोग्रामर मंडळी रेजेक्स म्हणतात. ती चिन्हांची आखूड, किचकट ओळ असते. तिच्यात एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी अर्थ पालटतो.

वाटाड्या टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिलेला होता. ही भाषाही मोठी संशयी. आकड्याच्या जागी शब्द ठेवला की ती तिथल्या तिथे अडवते. यशोधनला ती म्हणूनच आवडायची. मात्र नमुन्यातली अक्षरं आपलं काम नीट करताहेत का, ते ती भाषा पाहत नाही. यशोधननंही एकदा लिहिल्यानंतर तिकडे पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी त्याच्या ऑफिसात जयमाला मगदूम नावाची बाई कामाला लागली. पुण्याच्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती गावी परत आली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि घरी बघणारं दुसरं कोणी नव्हतं. जयमाला कमी बोलायची. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. आल्या आल्या डॉक्टर इंद्रायणी शिखरे यांच्या लॅबचं संकेतस्थळ उघडायची आणि गुप्त क्रमांक न देता कुठल्यातरी अहवालाची लिंक दाबून बघायची. दार बंद आहे अशी खात्री झाली, की मग चहा.

"हे रोज कशाला करता?" यशोधननं एकदा विचारलं.

"सवय आहे सर. रुग्णांचं काम आहे, बघितलेलं बरं."

यशोधनच्या मनात पाल चुकचुकली. पुण्याची नोकरी सोडून इथे कोण येतं? आणि आल्यापासून हिची नजर अहवालांवरच का?

पुढच्या आठवड्यात तिनं आणखी एक गोष्ट विचारली. "सर, वाटाड्या नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या लिहू का मी? एकही चाचणी नाहीये त्याला."

"वाटाड्याला चाचण्यांची गरज नाही," यशोधन म्हणाला. "आणि त्याच्या फाइली तुम्ही उघडायच्या नाहीत."

ती "बरं" म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. यशोधन मात्र दिवसभर तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिला. हिला आत शिरायचंय, हे त्याच्या मनानं घेतलं.

मग ती घटना घडली.

हौसाबाई नावाच्या बाई कॉलेजच्या मागे खानावळ चालवायच्या. त्यांना खोकला होता, म्हणून त्यांनी शिखरे डॉक्टरांच्या लॅबमध्ये थुंकी तपासून घेतली. क्षय निघाला. औषधं सुरू झाली. अहवालाची लिंक हौसाबाईंच्या फोनवर आली. त्यांच्या भाच्यानं ती मोठ्या डॉक्टरांना विचारण्यासाठी एका ओळखीच्याला पाठवली, त्यानं आणखी कोणाला पाठवली. नुसत्या लिंकनं काही बिघडायला नको होतं. गुप्त क्रमांक दिल्याशिवाय अहवाल दिसणारच नव्हता. पण एके सकाळी कोणीतरी ती लिंक दाबली आणि अहवाल सरळ उघडला. दुपारच्या जेवणाला खानावळीत एकही मुलगा आला नाही. शिजवलेला भात तसाच राहिला.

डॉक्टर शिखऱ्यांचा फोन आला. "कारखानीस, तुमचं दार उघडं आहे."

"शक्यच नाही, मॅडम," यशोधन म्हणाला.

त्यानं आपल्या पद्धतीनं तपासलं. काहीही तपासण्याआधी सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालवणारा संगणक, बंद करून नव्यानं सुरू करायची त्याची शिस्त होती. तसा त्यानं तो सुरू केला, हौसाबाईंची लिंक दाबली. वाटाड्यानं गुप्त क्रमांक मागितला. दार बंद होतं.

"म्हणजे दार आपोआप उघडलेलं नाही," यशोधन स्वतःशीच म्हणाला. "कोणीतरी उघडून दिलं."

आणि ते कोणीतरी कोण, हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं.

संकेतस्थळावर कोण केव्हा आलं, याची नोंद सर्व्हरवर आपोआप होत असते. यशोधननं तिथे एकच गोष्ट शोधली, जयमालाचा संगणक. ती सापडली. ज्या सकाळी हौसाबाईंचा अहवाल फुटला, त्या सकाळी तो उघडण्याच्या जरासं आधी जयमालानं दार ढकलून पाहिलं होतं. यशोधनला घाम फुटला आणि आत कुठेतरी समाधानही वाटलं. आपला संशय खरा ठरतोय याचं समाधान फार गोड असतं.

तरी त्यानं एकदम आरोप केला नाही. तो स्वतःला न्यायी समजायचा. त्यानं सापळा लावला. ज्याचा जन्मच झालेला नाही अशा एका माणसाच्या नावानं त्यानं खोटा अहवाल बनवला. त्याची लिंक जगात फक्त दोघांना माहीत होती, एक तो स्वतः आणि दुसरी जयमाला.

"उद्या सकाळी आल्या आल्या हीच लिंक बघा," त्यानं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याही आधी येऊन बसला. जयमाला आली. पिशवी खुर्चीला अडकवली. लिंक दाबली.

"बंद आहे सर," ती म्हणाली.

यशोधननं टेबलाखाली फोन धरला आणि तीच लिंक दाबली. गुप्त क्रमांक कोणी विचारलाच नाही. न जन्मलेल्या माणसाचा अहवाल त्याच्या हातात लख्ख उघडला.

त्याचे कान तापले. हिनं माझ्या डोळ्यांदेखत दार उघडलं आणि वर मला सांगते, बंद आहे!

त्या क्षणी तीच लिंक त्यानं आणखी एकदा दाबली असती, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण हवं ते मिळाल्यावर शोधत कोण बसतं? त्यानं फोन खिशात टाकला आणि जयमालाला आतल्या खोलीत बोलावलं.

"मगदूम मॅडम, तुम्ही कोणासाठी काम करता?"

"म्हणजे? तुमच्यासाठी."

"अहवाल कोणाला देता?"

जयमालाचा चेहरा पांढरा पडला. "सर, मी दार ढकलून पाहिलं. ते बंद होतं. एवढंच केलं मी."

"मग तुमच्या मागोमाग ते उघडलं कसं?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही ते शोधताय असं मला दिसत नाही. तुम्ही मला शोधताय."

"उद्यापासून येऊ नका," यशोधन म्हणाला.

जयमाला बाहेर आपल्या टेबलापाशी आली. तिनं आपला डबा घेतला, टेबलावरचा छोटा पंखा काढला, वायर नीट गुंडाळली. तिच्याशी रोज चहा घेणारा इरफान जमादार स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसला. ती जाईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

यशोधननं डॉक्टरांना कळवलं, चोर सापडला. डॉक्टरांनी ते आपल्या लोकांना सांगितलं. जयमालाला दुसरीकडे काम मिळत होतं, प्रभंजन आवटी यांच्या कंपनीत. आवटींनी सहज चौकशी म्हणून यशोधनला फोन केला. यशोधन म्हणाला, "सावध राहा एवढंच सांगतो." तेवढं पुरे झालं. आवटींनी जयमालाला परत फोन केला नाही. बाजारात, बँकेत, आईच्या फिजिओथेरपीच्या रांगेत लोक तिच्याकडे बघून आवाज खाली करू लागले.

काही दिवसांनी डॉक्टर शिखऱ्यांनी यशोधनला लॅबमध्ये बोलावलं. "हौसाबाई आल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय की आता धोका नाही."

यशोधन आनंदानं निघाला. निघताना सवयीप्रमाणे त्यानं सर्व्हर नव्यानं सुरू केला.

हौसाबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. तोंडाला पदर लावलेला होता. यशोधननं डॉक्टरांच्या संगणकावर त्यांची लिंक दाबली. पडद्यावर गुप्त क्रमांकाची चौकट आली.

"बघा मावशी. बंद. तुमचा अहवाल आता कोणालाही दिसणार नाही. ज्यांनी हा उद्योग केला, त्यांना घरी बसवलंय."

हौसाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग यशोधनकडे पाहिलं. "तुमच्या यंत्रावर बंद हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यावर बघू द्या."

त्यांनी आपला फोन काढला. बोटानं शोधत शोधत लिंक दाबली. अहवाल उघडला.

यशोधननं घाईघाईनं पुन्हा संगणकावर दाबली. बंद. हौसाबाईंनी पुन्हा फोनवर दाबली. उघडी. संगणकावर बंद, फोनवर उघडी.

"फोनचा काहीतरी दोष असेल," यशोधन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. फोनवर नको म्हणून त्यानं संगणकावरच लागोपाठ दाबून पाहिलं. बंद. उघडी. बंद. उघडी.

डॉक्टर शिखरे सावकाश म्हणाल्या, "कारखानीस, ती बाई तर गेली ना?"

यशोधन तसाच ऑफिसात परतला. दुपारची वेळ होती, सगळे जेवत होते. त्यानं वाटाड्याची फाइल उघडली. गुप्त क्रमांक विचारायच्या कुलूपबंद वाटा ओळखणारा नमुना त्यात होता. नमुन्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर होतं, जी.

ते अक्षर त्यानंच लिहिलेलं होतं. एखाद्या मजकुरात नमुना जितक्या ठिकाणी जुळतो तितक्या सगळ्या जागा शोधायच्या असल्या, की ते लावतात. त्यानं ते दुसऱ्या कामासाठी लिहिलेल्या ओळीत लावलं होतं आणि ती ओळ उचलून इथे चिकटवताना अक्षरही सोबत आलं होतं. या अक्षराची एक खोड असते. नमुना एकदा जुळला, की तो कुठे थांबला ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे शोधायला लागतो. पहिला माणूस आला. वाटाड्यानं पत्ता नीट वाचला, वाट कुलूपबंद आहे हे ओळखलं, त्याला अडवलं. दुसरा आला. वाटाड्या त्याचा पत्ता सुरुवातीपासून न वाचता शेवटाकडून पुढे वाचू लागला. तिथे वाचायला काहीच नव्हतं. ही वाट कुलूपबंद नाही असं समजून त्यानं त्याला आत सोडलं. मग तो सगळं विसरला आणि तिसऱ्याला पुन्हा अडवलं.

सर्व्हर नव्यानं सुरू केला की वाटाड्या पहिल्यापासून सुरुवात करायचा. म्हणून यशोधनला दार नेहमी बंद दिसलं. सर्व्हर रोज पहाटे आपोआपही नव्यानं सुरू व्हायचा. म्हणून सकाळी पहिली येणाऱ्या जयमालालाही ते बंदच दिसलं. तिच्या पाठोपाठ जो कोणी आला, त्याला ते उघडं मिळालं. तो जर अहवालाचा मालकच असला, आधीच क्रमांक देऊन बसलेला, तर कोणाच्या काही लक्षात येत नव्हतं. परका आला, की घात होत होता. जयमाला रोज काळजीनं दार ढकलत होती आणि वाटाड्या त्या काळजीवरच चुकत होता.

यशोधननं ते अक्षर खोडलं. लिंक दाबली, बंद. पुन्हा दाबली, बंद. पुन्हा पुन्हा दाबत राहिला. बंदच.

तो खुर्चीत मागे टेकला. दुरुस्ती झाली होती आणि ती कोणी पाहिली नव्हती. सर्व्हर बिघडला होता असं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी मान्य केलं असतं. कंपनी वाचली असती. जयमाला तर गेलीच होती. लोकांनी एकदा मानलेली गोष्ट मानलेलीच राहिली असती, आणि त्यासाठी त्याला नवं खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

इरफान डबा बंद करत आला. "सर, काय निघालं? सर्व्हरच ना?"

यशोधनच्या जिभेवर "हो" आलं होतं. त्यानं इरफानकडे पाहिलं. हा विचारतोय ते खरंच विचारतोय, की याला कळलंय आणि माझी परीक्षा घेतोय? इतक्या सगळ्यातही पहिला विचार हाच आला, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"नाही," तो म्हणाला. "चूक माझी होती. वाटाड्यात. मगदूम मॅडमनी काही केलेलं नव्हतं."

इरफाननं डबा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "मला वाटतच होतं सर. पण मी बोललो नाही."

संध्याकाळी यशोधन जयमालाच्या घरी गेला. आई कॉटवर पडून होती. जयमालानं त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. अक्षर, सापळा, आवटींचा फोन, काही लपवलं नाही.

शेवटी जयमाला म्हणाली, "अशी चूक कोणाकडूनही होते सर. माझ्याकडूनही झाली असती. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही ते दार एकदा ढकलून सोडून दिलंत आणि मला मात्र रोज ढकलून बघत होतात."

"परत या कामावर," यशोधन म्हणाला.

"नाही. तुम्ही आता चांगलं वागाल, मला माहीत आहे. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत की मला ती आतली खोलीच दिसेल."

"मग मी काय करू?"

"जिथे जिथे माझं नाव घेतलंत, तिथे जाऊन पुन्हा घ्या. या वेळी खरं सांगा."

यशोधन निघाला. आधी डॉक्टर शिखऱ्यांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं, खरं बोलल्याबद्दल आभार मानले आणि काम दुसऱ्या कंपनीला दिलं. मग हौसाबाईंकडे गेला. खानावळीच्या दाराला कडी होती. शेजारच्या बाईनं सांगितलं, त्या माहेरी गेल्या. मग जे जे डॉक्टर वाटाड्या वापरत होते, त्या सगळ्यांना त्यानं दुरुस्ती पाठवली आणि चूक कोणाची ते सोबत लिहिलं.

शेवटी तो प्रभंजन आवटींकडे गेला. आवटींनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. यशोधननं लॅपटॉप उघडला, ते अक्षर परत जागेवर ठेवलं आणि दार बंद-उघडं, बंद-उघडं होताना त्यांना दाखवलं.

आवटींनी सगळं पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कारखानीस, हे तुम्ही दाखवताय ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण परवापरवा तुम्हीच सांगत होतात, सावध राहा. आज म्हणता, दोष तिचा नाही. यातलं खरं काय? तिनं वकिलाची भीती घातली असेल. किंवा हे अक्षरसुद्धा तिनंच मागाहून घातलेलं असेल. कशावरून नाही?"

समोर आवटी बोलत होते, पण शब्द सगळे यशोधनचेच होते. तोच आवाज, तीच तिरकी नजर. त्यानं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. चहावर साय धरली तरी तो सांगत होता. आवटी मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बघतो."

त्यांनी काही बघितलं नाही. जयमालाला काम मिळालं, पण दुसऱ्या शहरात, जिथे तिचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. चालता न येणाऱ्या आईला गाडीत झोपवून तिला घर हलवावं लागलं.

तात्पर्य: संशय घ्यायचाच असेल, तर आधी स्वतःच्या कामावर घ्यावा आणि ते एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा तपासावं. कामातली चूक एक अक्षर खोडलं की सुधारते. माणसावर घेतलेला खोटा आळ मात्र, तो घेणाऱ्यानं स्वतः जाऊन पुसायचा म्हटलं, तरी पुरता पुसला जात नाही.